छोटा घोडा आणि मोठी गर्दी



आज मी तुमच्याशी एका घोड्याबद्दल बोलणार आहे. घोडा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे वारीच्या रिंगणात धावणारा माउलींचा अश्व उभा राहतो, सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठी बांधलेली उमदी जनावरे उभी राहतात, निदान वरातीतले झूल घातलेले घोडे तरी उभे राहते. पण मी ज्या घोड्याबद्दल बोलणार आहे तो इतका लहान, की शाळेत गुरुजींच्या टेबलाशेजारी आणून उभा केला तर त्याची पाठ टेबलाच्या वर पाच-सहा बोटेच येईल. शिंगरू नव्हे बरं का! पुरता वाढलेला, सगळे दात आलेला घोडा.

तुम्ही म्हणाल, या गुरांच्या डॉक्टरला नोकरीतून मोकळं झाल्यावर आता ही सर्कस कुठून सुचली? तर त्याला कारण आहे. पोळ्याला, जत्रेला, लग्नाच्या वरातीला, शाळेच्या संमेलनाला आपण जनावर गर्दीत नेतोच. ते कसे न्यावे, हे मी या छोट्या घोड्याच्या पायाशी बसून शिकलो. आणि शिकलो ते फार उशिरा, एका मुलाचा हात मोडल्यावर वीस वर्षांनी. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. निदान तुमच्या गावी तसं होऊ नये, म्हणून आज बोलायचं.

आधी हा घोडा आहे तरी काय, ते सांगतो. घोड्याची उंची डोक्यापर्यंत मोजत नाहीत, खांद्यापाशी मोजतात. या छोट्या जातीत आयाळीचे शेवटचे केस जिथे संपतात, तिथपर्यंत मोजण्याची रीत आहे. अमेरिकेत या घोड्यांची नोंद ठेवणारी एक मोठी संस्था १९७८ साली निघाली. तिच्या दप्तरी नाव लागायचे तर घोडा ३४ इंचांहून, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटरांहून उंच असता कामा नये.

एवढा लहान घोडा आला कुठून? त्याच्या अंगात थोडे रक्त आहे ते स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलँड बेटांवरच्या तट्टांचे. ही तट्टे बुटकी, पण अंगाने भारी दणकट. ब्रिटनमध्ये १८४२ साली कायदा झाला, की बायका, मुली आणि दहा वर्षांखालचे मुलगे यांना खाणीत उतरवायचे नाही. मग कोळशाच्या गाड्या ओढायला जमिनीखाली अधिकाधिक तट्टे जाऊ लागली. म्हणजे पाहा, लेकरांच्या मानेवरचे जू उतरले ते या मुक्या जनावरांच्या मानेवर गेले. तिकडे दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिना देशात, फालाबेला नावाच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या निवड करून आणखी बुटके घोडे तयार केले.

आता खाणीत घोडे नाहीत. मग या छोट्या घोड्यांचे लोक करतात काय? तर त्यांना माणसांच्या भेटीला नेतात. दवाखान्यात आजारी मुलांच्या खाटेशी नेतात, वृद्धाश्रमात नेतात, वाचनालयात, शाळेत आणि गावच्या मेळ्यात नेतात. गुळगुळीत फरशीवर खूर घसरू नयेत म्हणून पायांत लहान रबरी बूट घालतात. अमेरिकेतील न्यूटाऊन गावच्या शाळेत डिसेंबर २०१२ मध्ये गोळीबार झाला. २० मुले आणि ६ मोठी माणसे बळी पडली. त्यानंतर फ्लॉरिडा राज्यातील एका संस्थेची छोटी घोडी त्या गावी मुलांना भेटायला गेली होती. दुःखाने ज्याची वाचा बसली आहे, त्या मुलाला कधी कधी जनावराच्या मानेवर हात ठेवणे माणसाशी बोलण्याहून सोपे जाते. गोठ्यात वाढलेल्या तुम्हां-आम्हांला हे वेगळे सांगायला नको.

आंधळ्या माणसाला वाट दाखवण्याचे कामही या घोड्यांना शिकवतात. त्यासाठी १९९९ साली अमेरिकेत एक संस्था निघाली. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो, म्हणजे कुत्र्याच्या दुपटीहून अधिक, हा त्यातला फायदा. मार्च २०११ पासून तिथल्या कायद्याच्या नियमांत अशा घोड्याला जागा मिळाली. अपंग माणसाचे काम करायला शिकवलेला छोटा घोडा दुकानात किंवा कचेरीत येऊ द्यायचा की नाही, हे ठरवताना चार गोष्टी पाहायच्या. तो जागच्या जागी लीद टाकत नाही ना? मालकाच्या ताब्यात आहे ना? त्याचे माप आणि वजन त्या जागेला झेपेल ना? आणि त्याच्या येण्याने कुणाला धोका नाही ना? मला हे चारही प्रश्न फार आवडले. पण पाचवा प्रश्न त्यात नाही. घोड्याचे काय? तो प्रश्न मला एका बाईने शिकवला. ती हकिगत आता सांगतो.

२०१९ च्या सप्टेंबरात मी ओहायो राज्यात माझ्या मुलीकडे गेलो होतो. त्या लहानशा गावी वाचनालयाच्या आवारात मेळा भरला होता. माझा पाच वर्षांचा नातू सकाळपासून नाचत होता, "आजोबा, तिथं छोटा घोडा येणार!" आम्ही गेलो. पाहतो तर एका झाडाखाली बदामी रंगाची इवलीशी घोडी उभी. तिचे नाव बिस्किट.

मी जनावरांचा माणूस. मी आधी व्यवस्था पाहिली. कर्णा लांब, आवाराच्या दुसऱ्या टोकाला. खाण्याची दुकाने त्याहून लांब. घोडीच्या मागे भिंत, म्हणजे मागून कुणी येऊच नये. पुढे दोरी बांधलेली, आणि दोरीच्या आत एका वेळी एकच मूल. सोबतीला दुसरे एक छोटे घोडे पलीकडे सावलीत गवत खात होते, कारण घोडा हा कळपातला जीव, एकटा पडला की कावरा होतो. माणसे दोन. एक तरुण रांग सांभाळीत होता. दुसरी ती बाई, साठीची असेल. तिच्या हातात म्होरकीची दोरी होती, आणि ती कुणाशी गप्पा मारीत नव्हती, कुणाचे फोटो काढीत नव्हती. नजर घोडीवर. शेजारी फावडे आणि बादली. सावलीत पाण्याचे घमेले.

मूल आत आले की बाई सांगे, आधी हाक मार, मग मुठीची मागची बाजू पुढे कर, ती हुंगेल, हुंगून थांबली तर खांद्यावर हात फिरव, तोंड वळवले तर आज नको म्हणाली असे समज. पाठीवर कुणालाही बसू देत नव्हती. ते बरोबरच आहे. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आत असावे असा सर्वसाधारण हिशेब धरतात. नव्वद किलोच्या घोड्याला तो होतो अठरा किलो. त्यात पाच वर्षांचे मूलसुद्धा जेमतेम बसायचे.

आमचा नंबर जवळ आला. पुढे दोनच मुले उरली. आणि बाई एकदम म्हणाली, "आज एवढंच. आता ती विश्रांती घेईल."

नातवाचा चेहरा पडला. ओठ थरथरले, डोळ्यांतून पाणी आले. माझे पित्त खवळले. मी पुढे होऊन म्हटले, "बाई, मी जनावरांचा डॉक्टर आहे. तीस वर्षं हेच केलंय. घोडी ठणठणीत आहे. अजून तीन मुलांनी काय होणार?"

ती म्हणाली, "डॉक्टर, ठणठणीत आहे म्हणूनच आत्ता थांबवते आहे. तुम्ही तिचे कान पाहिलेत का?"

श्रोतेहो, खरे सांगतो, मी पाहिले नव्हते. मी रांगेकडे पाहत होतो, नातवाच्या नंबराकडे पाहत होतो. आता पाहिले. मघाशी मुलांच्या दिशेने टवकारलेले कान मागे गेले होते. माशी नसताना शेपटी फटकारीत होती. हनुवटी ताठ झाली होती. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकीत होती. हे सगळे मला पुस्तकातून ठाऊक होते. शिकाऊ डॉक्टरांना मी स्वतः ते सांगितले होते. पण त्या क्षणी मला ती घोडी दिसेना. दिसले ते १९९८ सालचे एक तट्टू.

त्या वर्षी डिसेंबरात मी ज्या गावी नोकरीला होतो तिथल्या शाळेचे संमेलन होते. मुलांना बसवून मैदानाला फेरी मारायची म्हणून एक तट्टू आणले होते. सकाळी मला बोलावले. मी दात पाहिले, खूर पाहिले, ताप पाहिला, आणि सांगितले, "घोडं गरीब आहे. खुशाल बसवा मुलांना." मग मला मंडपात मानाची खुर्ची मिळाली, चहा मिळाला. तिथून तट्टू मला चांगले दिसत होते. चहूबाजूंनी मुलांचा गराडा. कुणी आयाळ ओढतो आहे, कुणी भेळ खाऊ घालतो आहे. तट्टू मान वर करून डोळ्यांचे पांढरे दाखवीत होते, शेपटी झाडीत होते, पुढच्या पायाने जमीन उकरीत होते. अर्धा तास ते जनावर ओरडून सांगत होते की मला पुरे झाले. मी चहा पीत होतो.

मग कर्णा किंचाळला आणि त्याच वेळी मागून लेझमीचे पथक हलगी वाजवीत आले. तट्टू बुजले, उधळले. पाठीवरचा मुलगा खाली आला आणि त्याचा हात मोडला. मालकाने सर्वांदेखत त्या तट्टाला चाबकाने झोडपले. मंडपात जो तो म्हणू लागला, जनावराचा काय भरवसा! मीही मान हलवली. सकाळी ज्याला गरीब म्हणालो होतो, त्याच्या बाजूने एक शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. मुलाचा हात सव्वा महिन्याने बरा झाला. पण पुढे तो माझ्या दवाखान्यावरून जाताना दारात बांधलेल्या बैलालाही लांबून वळसा घालून जात असे.

त्या दिवशी मी घोडा तपासला होता, त्याची तब्येत तपासली होती. पण तो जिथे उभा राहणार होता ती जागा आणि ती गर्दी मी तपासली नव्हती. आणि गर्दीत उभा राहिल्यावर तो काय म्हणतो आहे, हे ऐकायला कुणी नेमला नव्हता. चूक तट्टाची नव्हती. माझी होती. हे मी आज पहिल्यांदाच इतक्या लोकांपुढे बोलतो आहे.

आता कामाच्या चार गोष्टी. त्या घोड्याच्या आहेत, पण पोळ्याच्या बैलाला आणि वरातीच्या घोड्यालाही बऱ्याचशा लागू पडतील.

पहिली गोष्ट घोड्याच्या डोळ्यांची. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. एका जागी उभे राहून त्याला जवळजवळ सारा परिघ दिसतो. ३६० अंशांतले सुमारे ३५०. दिसत नाही ते दोनच ठिकाणचे, कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या थेट मागचे. आणि आपण नेमके काय करतो? अनोळखी घोड्याच्या कपाळावर थाप मारायला जातो, नाही तर मागून येतो. दोन्हीकडून हात त्याला न दिसता येतो. म्हणून हाक मारावी, खांद्याच्या बाजूने यावे, आणि मागे भिंत किंवा कुंपण ठेवावे.

दुसरी गोष्ट कानांची. कान पुढे म्हणजे लक्ष आहे. कान सैल, बाजूला म्हणजे निवांत आहे. एखादा कान मागे वळला तर तो मागचा आवाज ऐकत असेल. लगेच राग समजू नका. पण दोन्ही कान मागे जाऊन तसेच राहिले, शेपटी विनाकारण फटकारू लागला, डोळ्यांचे पांढरे दिसले, की मुलांना मागे घ्या. आणि कान डोक्याला चिकटेपर्यंत मुळीच थांबू नका.

तिसरी गोष्ट खाण्याची. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेले भलतेसलते बाहेर टाकण्याची सोय देवाने त्याला दिलेली नाही. भेळ, पेढा, शिळी पोळी असे शंभर हातांनी शंभर घास दिले तर पोटशूळ उठतो आणि त्यात घोडा दगावतो सुद्धा. तेव्हा प्रेम असेल तर हात फिरवा. खाऊ घालू नका. पाणी आणि चारा मालकाच्याच हातचा.

चौथी गोष्ट आरोग्याची. घोड्याच्या नाकातून घट्ट शेंबूड येत असेल, अंगावर गाठी किंवा फुटलेले व्रण असतील, तर त्याला मुळीच गर्दीत नेऊ नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. ग्लँडर्स नावाचा घोड्याचा रोग माणसालाही होतो आणि तो भयंकर आहे. जनावराला हात लावल्यावर मुलांनी साबणाने हात धुतल्याशिवाय काही तोंडात घालू नये. चावा बसला तर जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवून तडक दवाखाना गाठावा. खरचटले तरी धनुर्वाताच्या सुईचे विचारावे, कारण लिदीत आणि तबेल्याच्या मातीत त्या रोगाचे बीज असते.

आणि गुरुजींना, बाईंना एक विनंती. शाळेत जनावर येणार असेल तर आदल्या दिवशी फळ्यावर घोड्याचे तोंड काढा. कान पुढे, कान मागे, अशी चित्रे काढा. मोठ्या वर्गातली दोन मुले राखणदार नेमा. एकाने कान पाहायचे, दुसऱ्याने शेपटी. दोघांपैकी कुणीही हात वर केला की सगळ्यांनी मुकाट्याने तीन पावले मागे जायचे. मग पाहुणे आलेले असोत की फोटोवाला खोळंबलेला असो. मुलांना हा खेळ वाटेल. तो शिस्तीचा पाठही होईल आणि मुक्या जीवाची भाषा शिकण्याचाही. जनावरांना क्रूरतेने वागवू नये असा कायदा आपल्या देशात १९६० सालापासून आहे. पण कायद्याचा शिपाई प्रत्येक जत्रेत कुठून येणार? राखणदार मुले मात्र प्रत्येक शाळेत आहेत.

एक सावधगिरीची सूचना. हे ऐकून कुणाला वाटेल, आपणही असा छोटा घोडा आणावा, जत्रेत दाखवावा, चार पैसे होतील. बाबांनो, बुटकेपणाच्या हौसेपायी या जातीचे पुष्कळ हाल झाले आहेत. लहानात लहान हवा म्हणून निवड करीत गेले की काही शिंगरे खुजी, वाकड्या पायांची निपजतात. तोंड लहान आणि दात मोठे, म्हणून दातांचे दुखणे लागते. घोडी विताना अडते. अमेरिकेतली थंबेलिना नावाची घोडी अवघी साडेसतरा इंच उंच होती. २००६ साली जगातला सर्वांत लहान घोडा म्हणून तिची नोंद झाली. लोकांनी कौतुक केले. पण तो बुटकेपणा जन्मजात खुजेपणाचा होता. शिवाय आकार लहान झाला म्हणून घोड्याचा स्वभाव काही बदलत नाही. त्याला मोकळी जागा लागते, सोबत लागते, खूर कापावे लागतात. तो खेळणे नव्हे. ज्याच्या दारी तट्टू आहे त्याने त्यालाच नीट सांभाळले तरी पुरे.

आता माझ्या नातवाचे राहिले. मी बाईची क्षमा मागितली. ती म्हणाली, "दोरीबाहेर गवतावर बसा हवं तर. फक्त बसा." आम्ही बसलो. घोडी सावलीत गेली, पाणी प्याली, सोबत्याच्या अंगाला अंग घासून उभी राहिली. हळूहळू तिची मान खाली आली, खालचा ओठ सैल झाला, कान बाजूला पडले. नातू डोळे पुसून पाहत होता. वीस-पंचवीस मिनिटे आम्ही दोघे काही न बोलता तसेच बसलो होतो. हात लावायला मिळाला नाही तो नाहीच.

घरी जाताना तो म्हणाला, "आजोबा, तिचे कान आता झोपले होते."

मी म्हटलं, "होय रे बाळा."

त्या तट्टाच्या वेळी असे पाहणारे एक जरी मूल माझ्या शेजारी बसले असते, आणि मी त्याचे ऐकले असते, तर तो हात मोडला नसता. यंदा तुमच्या गावच्या जत्रेत, पोळ्यात, संमेलनात जनावर येईल तेव्हा कर्णा थोडा लांब बांधा, आणि कान पाहणारा एक माणूस नेमा. एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.